श्यामची आई, चैत्याची आई आणि आपण प्रेक्षक

चित्रपटगृहातील दिवे मालवले की सारे प्रेक्षक एकाच पडद्याकडे पाहू लागतात. परंतु ते सारे एकच चित्रपट पाहतात असे मात्र म्हणता येत नाही. कुणी आपल्या दिवंगत आईला पाहतो, कुणी आपल्या दुरावलेल्या मुलाला. कुणाचा रुमाल ओला होतो, तर शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थ कपाळाला आठ्या घालून बसलेले असतात. आई आणि मूल यांच्या नात्यावरील चित्रपटांच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या मतभेदाची दोन ठळक उदाहरणे आहेत : १९५३ सालचा ‘श्यामची आई’ आणि २०१८ सालचा ‘नाळ’. पहिला कोकणातून आपल्या वऱ्हाडात आला. दुसरा विदर्भाच्या मातीतच उगवला. या दोहोंच्या मधल्या पासष्ट वर्षांत प्रेक्षक का रडले आणि का रडले नाहीत, याचा शोध घेताना एक असा प्रश्न समोर येतो की जो आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे.

कोकणातून वऱ्हाडात

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. पुढे खानदेशातील अमळनेर येथे त्यांनी शिक्षकाचे काम केले आणि ते ‘साने गुरुजी’ झाले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. बेचाळीस रात्रींच्या गोष्टींचे हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत आचार्य अत्रे यांनी ही कथा पडद्यावर आणली. हिंदी पडद्यावरील रूपवती नायिका म्हणून गाजलेल्या वनमाला यांनी गरीब घरातील आईची भूमिका केली, तर श्याम झाला बालकलावंत माधव वझे. संगीत वसंत देसाई यांचे होते. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कारांना प्रारंभ झाला, तेव्हा सर्वोत्कृष्ट कथाचित्राचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले.

त्या काळी अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे वऱ्हाडचे चारही जिल्हे मुंबई राज्यात नव्हते. ते मध्य प्रदेशात होते आणि राज्याची राजधानी नागपूर होती. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. परंतु चित्रपटांच्या व्यापाराने जुने नाव सोडले नाही. वितरकांच्या वहीत हा मुलूख ‘सी. पी. बेरार’ म्हणूनच राहिला आणि अमरावती हे या व्यापाराचे एक प्रमुख ठाणे होऊन बसले. आजही अमरावतीत राजकमल चौक आणि चित्रा चौक ही नावे सहज तोंडी येतात. ज्या शहरात चौक टॉकीजच्या नावाने ओळखले जातात, त्या शहराला चित्रपटाचे वेड किती असेल हे वेगळे सांगायला नको.

मात्र ‘श्यामची आई’तील जग वऱ्हाडी माणसाचे नव्हते. माडापोफळींचे ते गाव, विहिरीत पोहायला शिकणारी मुले, कर्जात बुडालेले ब्राह्मण घर, तेथील सोवळेओवळे आणि अनुनासिक बोली हे सारे काळ्या मातीच्या कापूसपट्ट्याला परके होते. तरीही आई मात्र परकी वाटली नाही. पोहायला न जाता घरात लपून बसलेल्या मुलाला फोकाने मारणारी, आणि मार खाऊन पोहून आलेल्या त्याच मुलाच्या पाठीवरचे वळ पाहून कळवळणारी आई कोणत्याही जिल्ह्यातील असू शकते.

दोन प्रकारचे अश्रू

या चित्रपटाने महाराष्ट्राला रडवले ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण सगळ्यांनाच ते रडणे मानवले असे नाही. साने गुरुजींच्या लेखनावर ‘भाबडे’, ‘हळवे’, ‘रडके’ असे शिक्के मारणारे वाचक त्यांच्या हयातीतही होते आणि नंतरही राहिले. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. सारा भार आईच्या त्यागावर टाकला की घरातील दारिद्र्य, सावकारी आणि वडिलांची हतबलता यांच्याकडे पाहण्याची गरज उरत नाही. डोळे पुसून प्रेक्षक घरी जातो आणि घरातील आई पूर्वीसारखीच राबत राहते, असा त्या आक्षेपाचा गाभा आहे.

योगायोग असा की त्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ प्रदर्शित झाला आणि त्याच पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळाले. १९५२ साली भारतात भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात इटलीचा ‘बायसिकल थीव्हज’ दाखवला गेला होता. सायकल चोरीस गेलेला बाप आणि त्याच्यामागे रस्तोरस्ती हिंडणारा लहान मुलगा यांची ती कथा. बिमल रॉय यांच्या चित्रपटावर तिचा प्रभाव स्पष्ट आहे. येथेही मूल अकाली मोठे होते, येथेही डोळे भरून येतात. परंतु हे अश्रू जमीन गिळणाऱ्या व्यवस्थेकडे बोट दाखवतात. ‘श्यामची आई’चे अश्रू मनुष्याच्या अंतःकरणाकडे बोट दाखवतात. एकाच वर्षी एकाच देशाने या दोन्ही प्रकारच्या अश्रूंचा गौरव केला, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. कोणते अश्रू खरे आणि कोणते खोटे असा निवाडा तेव्हाच्या परीक्षकांनी केला नाही. आपणही तो घाईने करू नये.

पितांबराचे गाणे

आक्षेप घेणाऱ्यांच्या आणि रडणाऱ्यांच्याही नजरेतून निसटलेली एक गोष्ट या चित्रपटात आहे. ‘भरजरी गं पितांबर’ हे अत्रे यांनी लिहिलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले गीत घरोघरी पोहोचले. त्यातील कथा अशी : श्रीकृष्णाचे बोट कापते आणि चिंधी हवी असते. सख्खी बहीण सुभद्रा आपले भारी वस्त्र फाडायला कचरते. मानलेली बहीण द्रौपदी मात्र आपला पितांबर क्षणात फाडून देते. म्हणजे जो चित्रपट जन्मदात्या आईचा महिमा गातो, त्याचेच सर्वांत लाडके गाणे सांगते की नाते रक्तावर ठरत नाही, देण्यावर ठरते.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे श्यामच्या आईचे नाव. गुरुजींच्या प्रत्यक्ष मातोश्रींचे नाव यशोदा होते. पुराणातील यशोदा ही कृष्णाची जन्मदाती नव्हे. जन्म देवकीने दिला, वाढवले यशोदेने. मराठी माणसाच्या मनातील आदर्श माउलीने पालनकर्तीचे नाव धारण केलेले आहे. हा धागा ६५ वर्षांनी विदर्भातील एका चित्रपटाने नकळत उचलला.

आपल्या बोलीतील आई

तत्पूर्वी वऱ्हाडाने आपली आई साहित्यात उभी केलेली होती. अमरावतीचे कादंबरीकार उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली. कौतिक ही तिची नायिका. परिस्थितीशी अखेरपर्यंत झुंजणाऱ्या या बाईच्या तोंडी ग्रंथांतील भाषा नाही. ती अस्सल वऱ्हाडी बोलते. ती मुलाला उपदेश करायला बसत नाही, कारण तिला बसायलाच सवड नाही. कौतिक ही एका अर्थाने श्यामच्या आईला वऱ्हाडने दिलेले उत्तर होय. पुढे अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांचे ‘काया मातीत’ हे गीत ‘अरे संसार संसार’ (१९८१) या चित्रपटातून महाराष्ट्रभर गेले आणि ‘ळ’चा ‘य’ करणारी आपली बोली प्रथमच सर्वांच्या ओठांवर आली.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘नाळ’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे तेलुगू भाषक. ‘देऊळ’ आणि ‘सैराट’ या चित्रपटांचे ते छायालेखक. संवाद नागराज मंजुळे यांचे, आणि वडिलांची भूमिकाही त्यांचीच. विदर्भातील नदीकाठचे खेडे, तेथील बोली, आणि आठ वर्षांचा खोडकर चैत्या. ही भूमिका अमरावतीच्या श्रीनिवास पोकळे याने केली. ६६व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरलेल्या चौघांपैकी एक होता. दिग्दर्शकालाही पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला.

कथा थोडक्यात अशी. आई सुमी, वडील आणि आजी यांच्या मायेत वाढणाऱ्या चैत्याला घरी आलेला एक मामा सहज बोलता बोलता सांगून टाकतो की ही तुझी खरी आई नव्हे. त्या क्षणापासून मुलाचे बालपण संपते. आई रागावली की त्याला वाटते, मी परका म्हणून रागावते. तिने लाड केले तरी त्याला शंका येते. इकडे गोठ्यातील म्हशीचे रेडकू दगावते आणि ती दूध द्यावी म्हणून पेंढा भरलेले रेडकू तिच्यापुढे ठेवले जाते. मुलगा ते पाहतो आणि प्रेक्षकही पाहतो. कुणी काही बोलत नाही. शेवटी आजीच्या मृत्यूनंतर आलेल्या पाहुण्यांत त्याची जन्मदाती असते, पण त्याला हवी असलेली ओळख तो तिच्याकडून मिळवू शकत नाही. घर तेच उरते, आई तीच उरते. बदललेला असतो तो मुलगा.

एकच चित्रपट, अनेक मते

‘नाळ’विषयी आपल्या परिसरात ज्या चर्चा झडल्या, त्या ऐकताना आम्हांला पुन्हा १९५३ सालची आठवण झाली. कित्येकांना आपली बोली पडद्यावर ऐकूनच भरून आले. विनोदासाठी नोकराच्या तोंडी घातली जाणारी भाषा येथे मुलगा, बाप, आई आणि आजी सारेच बोलत होते. उलट काहींनी नाक मुरडले : अकोल्याकडे असे बोलत नाहीत, हे तर नागपूरपलीकडचे. बोली दर बारा कोसांवर बदलते हे त्यांनाही ठाऊक असते. पण आपल्याच अंगणातील शब्द हवा असतो. गंमत अशी की अस्सल वऱ्हाडी उच्चारात या चित्रपटाचे नावच ‘नाय’ असे होईल.

दुसरा मतभेद अश्रूंचा. एक पक्ष म्हणे, लहान मुलाला पुढे करून रडवणे सोपे असते. दुसरा म्हणे, यात रडवण्यासाठी काहीच केलेले नाही. आई किंकाळी फोडत नाही, मूल भाषण करत नाही, म्हणूनच गलबलून येते. आमच्या मते या बाबतीत दुसऱ्या पक्षाचे पारडे जड आहे.

परंतु तिसरा मतभेद या सर्वांहून गंभीर आणि अधिक अबोल होता. ज्या घरांत दत्तक मूल आहे, त्या घरांनी हा चित्रपट निराळ्याच नजरेने पाहिला. काही पालकांना वाटले, हा चित्रपट मुलांना दाखवणेच धोक्याचे; नको ते प्रश्न निघतील. काहींना वाटले, आता तरी सांगितले पाहिजे. काहींना सुमीची बाजू बोचली : इतके करूनही मुलाचे डोळे दुसरीलाच शोधतात! आणि जे स्वतः दत्तक गेलेले होते, त्यांना त्या शोधात कृतघ्नपणा दिसला नाही. आपण कुठून आलो हे जाणण्याची साधी भूक दिसली. यांपैकी कुणाचीही प्रतिक्रिया चुकीची म्हणता येणार नाही. प्रत्येक जण आपापल्या खुर्चीवरून खरेच पाहत होता.

कायद्याने नाकारलेले नाते

येथे आपल्या समाजाचा इतिहास या विषयाला येऊन मिळतो. ‘श्यामची आई’ला सुवर्णपदक मिळाल्यानंतर दोन वर्षांनी, १९५६ साली, हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम झाला. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांतील दत्तक मूल कायद्याच्या दृष्टीने पोटच्या मुलासारखे झाले. मुलींनाही दत्तक घेता येऊ लागले. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी व ज्यू कुटुंबांना मात्र हा कायदा लागू नव्हता. त्यांच्यासाठी होता तो १८९०चा पालक व पाल्य अधिनियम. त्याखाली ख्रिस्ती दांपत्याला अनाथ बालकाचे ‘पालक’ होता येई, आईबाप होता येत नसे. मूल सज्ञान झाले की ते पालकत्व संपे. मृत्युपत्र केलेले नसेल तर वारसाहक्कही आपोआप मिळत नसे.

विचार करा : ज्या आईने रात्र रात्र जागून ताप उतरवला, तिला कायदा म्हणे, तू आई नव्हेस. चैत्याला मामाने जे एकदा सांगितले, ते ख्रिस्ती घरातील मुलाला देशाचा कायदा जन्मभर सांगत होता. १९५५ साली नागपूरपासून वेगळ्या झालेल्या अमरावती धर्मप्रांतात असो वा वसईत, हीच स्थिती होती. सर्व धर्मीयांसाठी दत्तक विधेयके १९७२ आणि १९८० साली संसदेत आली. कायदा होऊ शकला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की घर, नाव आणि आईबाप मिळणे हा बालकाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग होय. २००० सालच्या बाल न्याय अधिनियमाने आणि त्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने दत्तकाची वाट सर्वांना खुली केली. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी यांच्या याचिकेत स्पष्ट केले की कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येते. २०१५ सालच्या नव्या बाल न्याय अधिनियमानेही ही वाट कायम ठेवली.

म्हणजे ‘नाळ’ प्रदर्शित झाला, तेव्हा हा हक्क निर्विवाद होऊन पाच वर्षेही झाली नव्हती. ख्रिस्ती दत्तक पालकांना त्या चित्रपटाची भीती का वाटली, हे यावरून उमगावे. इतक्या उशिरा मिळालेले नाते एखाद्या पाहुण्याच्या एका वाक्याने सुटेल की काय, अशी ती भीती होती. वास्तविक ज्या समाजाने संत योसेफाला पालक पिता म्हणून वंदन केले, आणि ज्याच्या शास्त्रात देवाची लेकरे होण्याला ‘दत्तकपण’ हाच शब्द आहे, त्याला या नात्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

चित्रपट पाहावा कसा

चित्रपटांविषयी ख्रिस्तसभेची भूमिकाही या काळात बदलत गेली. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी अमेरिकेतील बिशपांना उद्देशून लिहिलेल्या परिपत्रकात अनीतिमान चित्रपटांपासून लोकांना दूर ठेवण्यावर भर होता. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी चित्रपट, रेडिओ व दूरचित्रवाणी यांवरील परिपत्रकात प्रेक्षकाला समंजसपणे पाहण्याचे शिक्षण द्यावे असे सुचवले, आणि १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तोच धागा पुढे नेला. १९९५ साली, चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी केली. मानवी मूल्यांच्या विभागात ‘बायसिकल थीव्हज’ होता. ‘काय पाहू नये’ या प्रश्नापासून ‘कसे पाहावे’ या प्रश्नापर्यंतचा हा प्रवास आहे.

मग ‘नाळ’ कसा पाहावा? आमचे उत्तर असे : मुलांसह पाहावा आणि नंतर बोलावे. या चित्रपटातील खरी जखम मूल दत्तक असण्याने झालेली नाही; ती गुपिताने झालेली आहे. ज्यांनी सांगायचे त्यांनी सांगितले नाही, आणि ज्याला काही घेणेदेणे नव्हते त्याने सांगून टाकले. हेच सत्य आईच्या मांडीवर बसून, समजेल तसे, लहानपणापासून कानी पडले असते, तर मामाचे वाक्य हवेत विरून गेले असते. देशाच्या दत्तक नियमांतही आज मुलाच्या मूळ शोधाला जागा आहे : मूल अठरा वर्षांखालील असेल तर त्याने दत्तक आईबापांसह अर्ज करावा, आणि जन्मदात्यांनी नाव गुप्त राखण्याची विनंती केली असेल तर त्यांच्या संमतीचा मान राखावा, अशी ती व्यवस्था आहे. शोध आणि मर्यादा या दोहोंना तीत स्थान आहे.

इतिहासाने येथे एक सुंदर जुळणी करून ठेवली आहे. २०२३ सालच्या दिवाळीत, एकाच दिवशी, १० नोव्हेंबर रोजी, दोन चित्रपट प्रदर्शित झाले : सुजय डहाके यांचा कृष्णधवल ‘श्यामची आई’ आणि ‘नाळ’चा दुसरा भाग. ‘नाळ’मध्ये चैत्याला ते वाक्य ऐकवणारा मामा झालेले ओम भुतकर नव्या ‘श्यामची आई’त साने गुरुजी झाले आहेत. ‘नाळ’च्या दुसऱ्या भागात चैत्या आपल्या जन्मदात्या आईच्या गावी जातो, आणि तेथे त्याला धाकटी बहीण चिमी भेटते, आईच्या शोधात निघालेला मुलगा भाऊ होऊन परततो. २०२५ साली जाहीर झालेल्या ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत डहाके यांचा चित्रपट सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला, आणि चिमी झालेली त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे व भार्गव जगताप हे बालकलाकार पुरस्काराचे मानकरी झाले. परीक्षकांनी १९५४ सालाप्रमाणेच दोन्ही प्रकारच्या आयांना मान दिला.

असो. चित्रपट संपल्यावर कोण रडला आणि कोण कोरडा राहिला, यावरून माणसाच्या हृदयाची परीक्षा करू नये. रडणाऱ्याला आपली आई आठवली असेल. न रडणाऱ्याला, कदाचित, कधीच न सांगितलेली एखादी गोष्ट. घरी परतताना त्याला बोलते करावे. यशोदा आणि देवकी यांच्यापैकी खरी आई कोणती, हा वाद आपल्या देशात फार जुना आहे. कृष्णाने मात्र दोघींनाही ‘आई’च म्हटले.